सगळ्यांना बसू द्यावे

आमच्या लहानपणी ‘संवेदनशील’ हा शब्द मुलांच्या बाबतीत कोणी वापरीत नसे. तो कवींसाठी राखून ठेवलेला होता, आणि कवीलादेखील तो निधन पावल्याखेरीज सहसा मिळत नसे. जे मूल गणपती विसर्जनाच्या वेळी ओक्साबोक्शी रडे, मांजरीची पिल्ले कोणी पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून आला की दोन दिवस जेवत नसे, किंवा शेजारच्या मुलाच्या हातावर छडी पडली असता स्वतःचा हात चोळीत बसे, त्याला लोक ‘रडका’ म्हणत, ‘हळवा’ म्हणत, आणि माया फारच उतू जात असेल तर ‘मुळूमुळू’ म्हणत. व उपाय म्हणून पुढची छडी त्यालाच मिळे. या उपचाराने रोग बरा होत नसे, परंतु रोग्याची वाच्यता बंद होई, आणि तत्कालीन शिक्षणखात्याला तेवढे पुरेसे वाटे.

म्हणून नातवाच्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात ‘विशेष नोंदी’ या सदराखाली त्याच्या वर्गशिक्षिकाबाईंनी जेव्हा ‘अत्यंत संवेदनशील’ एवढे दोनच शब्द लिहिले, तेव्हा तीस वर्षे तहसील कचेरीत घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आणि साहेबांच्या शेऱ्यातील स्वल्पविरामावरून त्यांची मर्जी ओळखणाऱ्या मजसारख्या माणसालाही हा शेरा बढतीचा आहे की बदलीचा, याचा उलगडा होईना.

शेरा मात्र खोटा नव्हता. दाराला धक्का लागला तर आमचा नातू दाराची क्षमा मागतो. महिना संपला तरी कॅलेंडराचे पान उलटू देत नाही. गेलेल्या महिन्याला वाईट वाटेल असे त्याचे म्हणणे असते, आणि त्यामुळे आमच्या घरी एकादशी नेहमी दोन-तीन दिवस उशिरा कळते. झिजून बोटभर उरलेली पेन्सिल तो टाकीत नाही. अशा सर्व पेन्सिली त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रांगेने निजवून ठेवल्या असून डब्यावर स्वहस्ते ‘पेन्शनर’ अशी चिठ्ठी चिकटविली आहे. या डब्याविषयी मला जो नितांत आदर वाटतो त्याची कारणे द्यावीत अशी कोणी अपेक्षा करू नये.

त्याची शाळा चौथीपर्यंतच होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाची हद्द पाचवीपर्यंत नेऊन ठेवली हे खरे. परंतु महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचा दरवाजा पिढ्यानपिढ्या पाचवीलाच उघडत आलेला आहे, आणि कायद्यापेक्षा दरवाजा जुना असला म्हणजे माणसे दरवाजाचे ऐकतात. सबब, त्या मुलास कोठे घालावे याचा विचार करण्यासाठी आमच्या घरी एका रविवारी सकाळी सभा भरली; ती पोह्यांसाठी एकदा व चहासाठी दोनदा तहकूब होऊन रात्री नऊपर्यंत चालली.

नातवाचे मामा प्रथम बोलले. त्यांच्या मते हळवेपणा हा स्नायूंचा विकार असून त्यावर कवायत हा एकच उतारा आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली आपल्या साताऱ्यासच निघाली, नाशिकला तर डॉ. मुंजे यांनी १९३७ सालीच भोसला सैनिकी शाळा काढून ठेवलेली आहे, आणि असे असता या मुलाने पेन्सिलींचे वृद्धाश्रम चालवावेत ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाला शोभत नाही, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पोह्यांवर खोबरे भुरभुरता भुरभुरता एवढेच विचारले, “अहो, तो झुरळाला ‘तुम्ही जरा बाजूला होता का’ म्हणतो. शत्रूला काय म्हणेल?” मामांनी पोहे जवळ ओढले आणि सातारचा प्रश्न निकालात निघाला.

सूनबाईंचा कल नेमका विरुद्ध दिशेला होता. राजगुरुनगरच्या बाजूला, चासकमान धरणाच्या पाण्यावर, तिवई नावाच्या डोंगरावर १९९५ पासून कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणारी निवासी शाळा आहे. मुलाची दुसऱ्या मुलाशी तुलना करणे हाच हिंसेचा आरंभ होय, असे ते तत्त्वज्ञ सांगत, ही गोष्ट त्यांनी इतक्या तळमळीने मांडली की क्षणभर मलाही डोंगरावर जाऊन राहावेसे वाटले. परंतु निवासी या शब्दाशी येताच खुद्द सूनबाईंचाच आवाज कापरा झाला, आणि घरातील संवेदनशील व्यक्तींची गणना नव्याने करावी लागणार हे सर्वांच्या लक्षात आले.

वसतिगृहाचा विषय निघालाच होता, म्हणून मी अमळनेरचा दाखला दिला. प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक असता तेथील छात्रालय त्यांच्याकडे होते; मुलांचे अस्ताव्यस्त पडलेले कपडे ते स्वतः आवरीत, आजाऱ्याची शुश्रूषा करीत, आणि मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढीत. १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडीपर्यंत हा क्रम चालला. ज्या माणसाचे डोळे कधी कोरडे राहिले नाहीत अशा माणसाच्या हाती शेकडो मुले सुखरूप राहिली, असे सांगून मी सभेकडे विजयी मुद्रेने पाहिले. चिरंजीव मोबाइलमधून मान वर काढून म्हणाले, “बाबा, ते गुरुजी आज कुठल्या शाळेत मिळतात तेवढं सांगा. मी आत्ता फी भरतो.” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. सभेने बहुमताने पुण्यातच शाळा पाहाव्यात असा ठराव केला.

पुण्यात खाजगी शाळांना तोटा नाही, आणि त्यांचा वंश मोठ्या घराण्यातला आहे. १८८० साली सरकारी नोकरी झुगारून आलेले चिपळूणकर आणि कायद्याची पदवी हाती असून वकिलीकडे न वळलेले टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा खाजगी शाळेत निवड होत असे ती मास्तरांची. पोटापुरत्या वेतनावर कोण टिकतो ही त्यांची चाचणी होती, आणि मुलाने दाराशी यावे एवढीच मुलाची पात्रता. मधल्या काळात ही चाळणी मास्तरांवरून उचलून मुलांवर केव्हा धरली गेली, हे शैक्षणिक इतिहासकारांनी शोधून काढावे.

येथे कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण कायदा वाचणे हा माझा जुना आजार आहे. वर उल्लेखिलेल्या अधिनियमाचे कलम १३ असे सांगते की प्रवेश देताना शाळेने मुलास अथवा त्याच्या आईबापांस कोणतीही चाळणी लावू नये; सोडत काढावी. चाळणी लावल्यास पहिल्या खेपेस २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक खेपेस ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. हा कायदा २०१० साली अंमलात आला तो १ एप्रिल रोजी. तारीख कोणी मुक्रर केली हे मला ठाऊक नाही. परिणाम इतकाच झाला की आम्ही पाहिलेल्या तिन्ही शाळांतून चाळण्या नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी रोवळ्या आल्या होत्या. पहिल्या शाळेत ‘संवाद-सत्र’ होते, दुसरीत ‘पूर्वतयारीची पाहणी’ होती, आणि तिसरीत ‘चला, एकत्र खेळूया’ असे होते. खेळायला येताना मूळ जन्मदाखला आणि दोन छायाचित्रे आणावयाची होती.

अर्जांचेच प्रकरण घ्या. मी आयुष्यात हजारो अर्ज दाखल करून घेतले. तगाईचे, वारसनोंदीचे, बांध कोरल्याच्या तक्रारींचे. परंतु एकाही शेतकऱ्याला सरकारने ‘आपल्या तीन उणिवा लिहा’ असे विचारल्याचे मला स्मरत नाही. येथे ते सदर होते. चिरंजिवांनी मुलाच्या नावापुढे ‘अतिप्रामाणिक’ असे लिहिले. सूनबाईंनी ते खोडून ‘लवकर डोळे भरून येतात’ असे लिहिले. त्यावर डोळे भरून येणे ही उणीव कशी, असा वाद दोघांत माजला आणि अखेर ते सदर डोळे भरून आल्यामुळेच रिकामे राहिले. शेवटच्या पानावर ‘ऐच्छिक विकासनिधी’ असा मथळा होता व त्याखाली रक्कम छापलेली होती. ऐच्छिक रकमेचा आकडा छापखान्यात ठरतो हे मला नवीन होते.

पहिली शाळा संपूर्ण काचेची होती. आत शिरताच भिंतीवर गुणवंतांची छायाचित्रे इतकी दाटीवाटीने लावलेली होती की प्रत्येकाच्या चष्म्यात शेजाऱ्याचा चष्मा दिसत होता. स्वागतकक्षातील बाईंनी आम्हांस शाळेच्या निकालाची टक्केवारी सांगितली, आणि नातवाने त्यांस शंभरातून उरलेली मुले कोठे बसतात असे विचारले. त्यांनी त्याला चॉकलेट दिले. पुढे संवाद-सत्र झाले, म्हणजे त्यांनी छापील कागद दिला आणि दीड तास कोणी कोणाशी बोलले नाही.

त्या कागदातील सातव्या प्रश्नाने आमच्या घराण्यात जी खळबळ उडविली ती १९६१ च्या पानशेतनंतर प्रथमच म्हणावी लागेल. प्रश्न साधा होता. शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शिकेत असे शेकड्यांनी असतात. ‘गटात न बसणारा शब्द ओळखून बाहेर काढा : गुलाब, मोगरा, बटाटा, जाई.’ नातवाने कोणासही बाहेर काढले नाही. रिकाम्या जागेत वळणदार अक्षरात त्याने लिहिले होते : ‘सगळ्यांना बसू द्यावे.’

घरी चौकशी झाली. बटाटा हे फूल नाही हे त्यास माहीत होते. मग? “आजोबा, त्या तिघी एकमेकींना ओळखतात. बटाटा एकटाच आलाय. त्याला बाहेर काढलं तर तो कुठे जाईल?” मला उत्तर सुचले नाही. तहसिलात मी स्वतः अनेक वेळा गटात न बसणारा शब्द होतो, आणि दोनदा तर बाहेर काढलाही गेलो होतो, एकदा गडहिंग्लजला.

गंमत अशी की बुद्धी मोजण्याची ही कला ज्या बिने नामक फ्रेंच पंडिताने सिमॉन यांच्यासह १९०५ साली पॅरिसमध्ये सिद्ध केली, त्याचा हेतू वेगळाच होता. शाळेत मागे पडणारी मुले वेळीच हुडकून त्यांस जास्त मदत द्यावी, एवढ्यासाठी ती मोजपट्टी होती. पुढे आपल्याकडे कामतांनी मराठी व कानडी मुलांसाठी तिची एतद्देशीय आवृत्ती तयार केली, आणि बिने-कामत हे जोडनाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घरातल्या नातेवाइकांसारखे झाले. ज्यांना मदत हवी त्यांना शोधण्याचे यंत्र उलटे धरले असता ज्यांना मदतीची गरजच नाही अशी मुले सापडतात, आणि मग त्यांना शिकवणे फारच सोपे जाते, हा शोध मात्र कोणी एका पंडिताने लावलेला नसून तो अनेक संस्थाचालकांना एकदम लागला असावा.

आणि गणित-बुद्धीच्याच गोष्टी काढायच्या तर गोपाळ कृष्ण गोखल्यांची जी आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे ती काय सांगते? गुरुजींनी दिलेली उदाहरणे सर्व बरोबर आली म्हणून त्यांना वर्गात पहिल्या जागी बसविले, तेव्हा हा मुलगा रडू लागला, कारण एक उदाहरण त्याला दुसऱ्याने सांगितले होते. आजच्या संवाद-सत्रात त्या प्रसंगाची नोंद ‘यश पेलण्याची क्षमता अपुरी, समुपदेशन आवश्यक’ अशी झाली असती. पुढे न्यू इंग्लिश स्कुलात मास्तर झालेल्या त्याच गोखल्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले, ही गोष्ट त्या आख्यायिकेच्या शेवटी मात्र कोणी सांगत नाही.

तिसऱ्या शाळेची हकीकत दुसरीच्या आधी सांगतो, कारण ती आम्ही आधी पाहिली. तेथे बाके नव्हती; मुले वाळूच्या पोत्यांसारख्या रंगीत गाद्यांवर लोळत होती. भिंतींचा रंग समुपदेशकांच्या सल्ल्याने निवडलेला होता. जिन्याजवळ माशांची एक मोठी काचपेटी होती, आणि आमचा नातू तिच्यासमोर जो उभा राहिला तो ‘एकत्र खेळूया’ संपले तरी हलला नाही. तरीही तो उत्तम खेळला, असा अहवाल आला. समुपदेशिकाबाई अतिशय हळू आवाजात बोलत. त्यांच्या खोलीत आपण आजारी आहोत असे कोणालाही पाच मिनिटांत वाटू लागले असते. सूनबाईंनी न राहवून त्यांना बटाट्याची गोष्ट सांगितली. त्यांनी डोळे मिटले, पाऊण तास विवेचन केले, आणि मुलाचे बटाट्याशी तादात्म्य झालेले असल्याचे निदान दिले. परिणामी आमच्या घरी दोन दिवस बटाट्याची भाजी झाली नाही. तिसऱ्या दिवशी ती मुलानेच मागितली, आणि तीन वेळा वाढून घेतली.

दुसरी शाळा जुन्या दगडी इमारतीत होती. व्हरांड्यात पितळी टोला टांगलेला, पाण्याच्या टाकीजवळ चिंचेचे झाड, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर जे बाकडे होते त्यावर बसून गेलेल्या पालकांच्या पिढ्यांनी त्याला मधोमध खोलगट करून ठेवलेले. पाहणी घ्यायला एक वयस्कर गुरुजी होते. ते आपल्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वापरीत, आणि त्यांनी आम्हांस ‘बसा’ असे एकदाच म्हटले. प्रश्न तोच, मार्गदर्शिकाही बहुधा तीच. ‘गटात न बसणारा शब्द ओळखा : गाय, म्हैस, एस.टी., शेळी.’ नातवाने पुन्हा तेच उत्तर लिहिले. गुरुजींनी ते वाचले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, “बाळ, एस.टी.त सगळ्यांना बसू देत नाहीत. भरली की कंडक्टर घंटी मारतो.”

“मग उरलेले?” नातवाने विचारले.

“ते मागच्या गाडीने येतात. मी वीस वर्षं मागच्याच गाडीने आलो.” असे म्हणून त्यांनी त्या उत्तरावर लाल शाईने फुली मारली आणि समासात अर्धा गुण दिला. अर्धा कशाबद्दल, असे चिरंजिवांनी अदबीने विचारले. “उत्तर चूक आहे, त्याचा शून्य. अक्षर सुंदर आहे, त्याचा अर्धा.” आयुष्यभर नस्त्यांवर संदिग्ध शेरे वाचलेल्या मला इतका स्वच्छ शेरा वाचून जे समाधान झाले ते पेन्शन मंजुरीच्या हुकमानेही झाले नव्हते. नातू मात्र घरी येईपर्यंत मागच्या गाडीविषयी विचार करीत होता. ती वेळेवर येते का, एवढेच त्याने दोनदा विचारले.

यथावकाश तिन्ही शाळांची पत्रे आली. दगडी शाळेने आणि गाद्यांच्या शाळेने मुलास घेण्याचे मान्य केले होते. काचेच्या शाळेने नाकारले होते. हे पत्र मुलाच्या हाती पडू नये म्हणून चिरंजिवांनी ते वर्तमानपत्रात दडविले, सूनबाईंनी वर्तमानपत्र गादीखाली दडविले, आणि सौभाग्यवतींनी त्याच दिवशी गाद्या उन्हात टाकल्या. मुलाने गच्चीवर बसून पत्र वाचले. आम्ही चौघे जिन्यात श्वास रोखून उभे. तो खाली आला तेव्हा खरोखरच त्याचे डोळे भरलेले होते.

“आजोबा,” तो म्हणाला, “त्यांना किती वाईट वाटलंय बघा.”

पत्र मी हाती घेतले. ‘आपल्या पाल्यामध्ये कोणतीही उणीव नाही; तथापि जागा मर्यादित असल्यामुळे या वर्षी त्यास प्रवेश देता येत नाही, याचा आम्हांस अत्यंत खेद होत आहे. आपण निराश होऊ नये. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’ अशा मजकुराची मी हयातीत किती पत्रे लिहिली असतील याची गणती नाही; परंतु ‘अत्यंत खेद’ हे शब्द कोणी अक्षरशः खरे मानील, अशी शंका मला कधी आली नव्हती.

आता दोन शाळांपैकी एक निवडावयाची, म्हणजे दुसरी नाकारावयाची. आम्ही सारे हे मूल नकाराने कोमेजेल म्हणून दोन महिने धास्तावलो होतो. त्याला नकार मिळालेला सहज पचला, द्यावयाचा मात्र पचेना. दगडी शाळा घेऊ म्हटले की गाद्यांच्या शाळेला वाईट वाटेल. ती घेऊ म्हटले की चष्म्याला दोरा बांधलेल्या गुरुजींना वाईट वाटेल. त्याला बारीक ताप भरला. अखेर सौभाग्यवतींनी, दगडी शाळा घरापासून सात मिनिटांवर असून मधल्या सुट्टीत गरम डबा नेता येतो, या एकाच मुद्द्यावर प्रकरणाचा निकाल लावला. शिक्षणशास्त्रावर त्यांनी एक अवाक्षर काढले नाही. मात्र दुसऱ्या शाळेला आपण पत्र लिहिलेच पाहिजे, ही मुलाची अट होती. नमुना त्याच्यापुढे होताच. डब्यातील सर्वांत वयोवृद्ध पेन्शनर बाहेर काढून त्याने मसुदा केला, आणि मी फक्त मायना घातला :

‘स. न. वि. वि. आपल्या शाळेमध्ये कोणतीही उणीव नाही. तथापि आमच्याकडे मुलगा एकच असल्यामुळे जागा मर्यादित आहेत. त्यामुळे या वर्षी आपल्याला निवडता येत नाही, याचा आम्हांस अत्यंत खेद होत आहे. आपण निराश होऊ नये. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. ता. क. माशांना माझा निरोप सांगावा.’

पत्र टपालाने न पाठवता समक्ष देऊन पोच घ्यावी, असे मीच ठरविले. एवढ्या महत्त्वाच्या कागदाची पोच असावी. शाळेच्या आवक खिडकीत माझ्याच कुळातला एक पिकलेला कारकून बसला होता. त्याने पत्र उघडून वाचले, पुन्हा वाचले, शिक्का हातात घेतला आणि तसाच थांबला.

“असली पत्रं आमच्याकडून जावक होतात,” तो म्हणाला. “आवक एकही नाही. कुठल्या फायलीला लावू?”

“नवी उघडा.”

“एका कागदासाठी फाईल उघडता येत नाही. तुम्ही कचेरीतले दिसता, तुम्हांला ठाऊक असेल.”

“मग ‘किरकोळ’मध्ये लावा.”

त्याने ताजा कलम आणखी एकदा वाचला, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पोचेची प्रत माझ्या हाती दिली. मी ती घडी घालून खिशात ठेवून वळून पाहिले, तेव्हा खिडकी बंद करून, पत्र हातात घेऊन तो जिन्याजवळच्या काचपेटीसमोर जाऊन उभा राहिला होता. माशांना खाणे घालण्याची ती वेळ होती की काय, हे मी विचारले नाही.